ज्योतीवरची करंगळी

“साहेब, इकडं बघा. हलू नका हां.”

फोटोग्राफरनं असं म्हटलं की आपल्याकडे माणसं जागच्या जागी थिजतात. क्लबचे अध्यक्षही थिजले. उजव्या हातात मेणबत्ती, चेहऱ्यावर हसू, नजर कॅमेऱ्यात. समई पाच वातींची होती. पुढच्या दोन वाती मी पाहुणी म्हणून आधीच लावल्या होत्या. अध्यक्ष मागची वात लावायला वाकले होते, त्यामुळे त्यांच्या हाताची बाहेरची कड नेमकी पुढच्या पेटत्या ज्योतीवर आली. एक फोटो झाला. फ्लॅश पडला नाही म्हणून दुसरा झाला. “साहेब, अजून एकच.” करंगळी ज्योतीत होती. मला केस जळल्यासारखा वास आला. अध्यक्ष हसतच होते.

“अहो, हात!” मी ओरडले आणि त्यांचं मनगट धरून मागे ओढलं.

त्यांनी करंगळीकडे पाहिलं. काळा डाग पडला होता आणि त्याच्या कडेनं कातडी पांढरी होऊन वर येत होती.

“काय न्हाय मॅडम,” ते म्हणाले, “फाउंड्रीवाल्याचा हात हाय. आमाला चटका लागत न्हाय.”

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी “मालक, नाद खुळा!” असं ओरडलं. सत्तर माणसं हसत होती आणि मी त्यांचं मनगट धरून तशीच उभी होते.

मी त्वचारोगतज्ज्ञ. राजारामपुरीत बावीस वर्षं प्रॅक्टिस करते आहे. आमच्या शहरातल्या एका सेवाभावी क्लबच्या मीटिंगला दर आठवड्याला बाहेरचा वक्ता बोलावतात. कधी वकील, कधी साप पकडणारा, कधी हिमालयात जाऊन आलेला कुणी. वीस मिनिटं भाषण, दहा मिनिटं प्रश्न, मग जेवण. वक्ता संपल्याशिवाय जेवण नाही, त्यामुळे त्यानं लवकर संपावं अशी सगळ्यांची मनापासून इच्छा असते.

या मीटिंगच्या तीन आठवडे आधी मला बोलावणं करायला दोघं क्लिनिकला आले होते. एक अध्यक्ष. त्यांना आपण मगदूम म्हणू. खरं नाव ते नाही, आणि हा लेख त्यांना वाचायला देऊन मगच छापायला दिला आहे. शिरोलीला त्यांची फाउंड्री आहे, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. सगळे त्यांना मालक म्हणतात, क्लबातसुद्धा. दुसरे सेक्रेटरी, इंगवले सर, निवृत्त प्राध्यापक.

“विषय काय घेऊ?” मी विचारलं. “कुष्ठरोगावर बोलू का? लोकांना वाटतं तो संपला. माझ्याकडे अजून पेशंट येतात.”

इंगवले सरांनी कानावरून माशी हाकलावी तसा हात केला. “नको हो मॅडम. पुढं जेवण असतं. लेडीज असतात. चेहऱ्याचं तेज, केस गळणं, असलं काहीतरी प्रसन्न घ्या. आणि कुष्ठरोगाचं आम्ही करतोच की. दर थंडीत त्यांच्या वसाहतीत जाऊन चादरी वाटतो.”

मी ‘तेजस्वी त्वचा’ असा विषय कबूल केला. मग चहा आला. कोपऱ्यावरच्या गाड्यावरचा, काचेच्या ग्लासातला, उकळता. मी ग्लासाची कड दोन बोटांच्या चिमटीत धरून फुंकर मारत होते. मालकांनी ग्लासाच्या बुडाखाली करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट टेकवलं आणि निवांत चहा प्यायला लागले. “बघा मॅडम,” इंगवले सर कौतुकानं म्हणाले, “यांना चटकाच लागत नाही. आमच्याकडे पिकनिकला हे उकळत्या रश्श्यातला पीस हातानं काढून दाखवतात.”

आणि मी हसले. बावीस वर्षांची प्रॅक्टिस, भिंतीवर तीन डिग्र्या, आणि मी “कमाल आहे बाई!” म्हणाले. हे आठवलं की आजही स्वतःचा राग येतो.

तर त्या सभागृहात, जळक्या वासात, मला तो चहाचा ग्लास आठवला. मी व्यासपीठावर बसले. बाजूलाच मालक. इंगवले सर माइकवर माझा परिचय वाचत होते, “ज्यांनी असंख्य चेहरे उजळवले…” मी मालकांचा हात बघत होते. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधला मांसल भाग असतो, तो डाव्या हाताला चांगला भरलेला होता. उजव्या हाताला तिथं खळगा पडला होता. करंगळी किंचित आत वळलेली. बोटांवर जुन्या भाजल्याचे तीन-चार व्रण. कुणालाही वाटावं, फाउंड्रीत काम करणाऱ्याचे हात असेच असणार. सगळ्यांना तसंच वाटत होतं.

कुष्ठरोगाचे जंतू त्वचेत आणि नसांत राहतात. नस म्हणजे रक्ताची नव्हे, स्पर्श कळवणारी. ती आधी सुजते, मग मरते. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं आपटलं की झिणझिण्या येतात, तिथून एक नस करंगळीकडे जाते. ती मेली की त्या कडेला चटका, काटा, काच, काहीच कळत नाही. या रोगानं बोटं झडतात असं लोक म्हणतात ते खरं नाही. जखमा कळत नाहीत, चिघळतात, हाडापर्यंत जातात, म्हणून बोटं जातात. बधिरपणा सुरू झाल्यापासून साधारण सहा महिन्यांच्या आत औषध मिळालं तर नस परत यायची आशा असते. उशीर झाला तर जंतू मरतात, पण हात परत मिळत नाही.

बधिरपणाला इतरही कारणं असतात. मान, मधुमेह, मार. मला खात्री करून घ्यायची होती. आणि मला बोलायला माइकवर बोलावलं.

मी पाठ केलेलं भाषण बाजूला ठेवलं. म्हटलं, “तेजाचं नंतर बघू. आधी त्वचा काय काम करते ते बघू. सगळ्यांनी डोळे मिटा. रुमालाचं टोक घ्या आणि स्वतःच्याच बोटांवर हलकेच टेकवा. कुठलं बोट, ते मनातल्या मनात सांगा. अध्यक्षांना मात्र मान म्हणून मी स्वतः टेकवणार.”

लोकांना खेळ आवडला. सत्तर जणांनी डोळे मिटले. मालकांनीही मिटले आणि उजवा हात पुढे केला. मला दिलेल्या गुच्छातली एक पाकळी मी तोडली.

अंगठ्याला लावली. “अंगठा,” मालक म्हणाले.

पहिल्या बोटाला लावली. “त्याच्या शेजारचं.”

करंगळीला लावली. मालक गप्प. परत लावली. गप्प. मग मी पर्समधलं पेन काढलं आणि टोपण न काढता त्याचं टोक करंगळीवर दाबलं. चांगलं दाबलं, खड्डा पडेपर्यंत. मालक शांतपणे डोळे मिटून बसले होते, देवळात बसावं तसे.

“मॅडम,” ते मोठ्यानं म्हणाले, “लावा की आता. किती वेळ डोळं मिटून बसायचं?”

सगळं सभागृह खदखदून हसलं. माझ्या हातातलं पेन त्यांच्या करंगळीवर टेकलेलंच होतं. मी पेन काढून घेतलं आणि म्हटलं, “झालं मालक. उघडा डोळे.”

त्यांना न विचारता, चारचौघांत मी त्यांची तपासणी केली होती. हे बरोबर नव्हतं. दुसरं काही सुचलं नाही, एवढंच सांगू शकते.

पुढची पंधरा मिनिटं मी काय बोलले, देव जाणे. सनस्क्रीनवर बोलले असेन. एका बाईंनी हळद आणि सायीबद्दल विचारलं, त्यावरही उत्तर दिलं. टाळ्या झाल्या, मोमेंटो मिळालं. जेवणाच्या रांगेत मी मालकांना गाठलं. उजवी बाही वर सरकवायला सांगून त्यांचा कोपर चाचपला. नस हाताला लागली. एरवी ती शोधावी लागते. ही जाड सुतळीसारखी होती.

“भविष्य सांगताय काय मॅडम?”

“करंगळी बधिर कधीपासून आहे?”

“दिवाळीत कढईला हात लागलेला, तवा काय कळलंच न्हाय. का वो?”

मी बोटांवर मोजलं. मार्च चालू होता. पाचवा महिना.

“उद्या सकाळी क्लिनिकला या,” मी म्हटलं. “एकटे या. नक्की या.”

“येतो की,” म्हणाले आणि तांबड्या रश्श्याची वाटी घेऊन पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मी फोन केला. “जरा कामात हाय मॅडम.” तिसऱ्या दिवशी केला. “मार्च एंड हाय मॅडम.” चौथ्या दिवशी फोन उचललाच नाही. पाचव्या दिवशी इंगवले सरांचा फोन आला.

“मॅडम, भाषण उत्तम झालं. एक बोलू का? राग मानू नका. मागं एक दातांचे डॉक्टर आले होते. भाषण झाल्यावर निम्म्या क्लबाला कवळी लागेल म्हणून सांगून गेले. तेव्हापासून आमचा अलिखित नियम आहे, वक्त्यानं मेंबरांतून पेशंट करायचे नाहीत. मालकांना तुमचे सारखे फोन येतायत म्हणे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गिऱ्हाईक शोधत होते म्हणे! ज्या रोगाच्या गोळ्या सरकार फुकट देतं, त्याचं मला काय मिळणार होतं? पण सरांना सांगणार काय? तोंड उघडलं तर मालकांचं गुपित जाणार होतं. नाही उघडलं तर त्यांचा हात.

“बरं सर,” एवढंच म्हणाले, फोन ठेवला, दुपारची ओपीडी बंद केली आणि गाडी काढून शिरोलीला गेले.

मालक शेडमध्ये होते. साच्यातून नुकतंच काढलेलं एक कास्टिंग, म्हणजे ओतून तयार झालेला लोखंडी भाग, जमिनीवर होतं. त्यावर वाळू चिकटलेली होती आणि हवा त्याच्यावर थरथरत होती. मला बघून मालक खूश झाले. “या या! मॅडमना दावतो आमचं काम,” म्हणाले आणि ती वाळू झटकायला उघडाच हात पुढे केला.

“हात मागं घ्या!”

मी इतक्या जोरात ओरडले की शेडमधली सगळी माणसं काम थांबवून बघायला लागली. मालकही दचकले. त्यांच्या कारखान्यात त्यांच्यावर कुणी ओरडलं नसेल.

“केबिनमध्ये चला,” मी म्हटलं. “आणि दार लावा.”

आडवळणानं सांगायचं ठरवून आले होते. ते जमलं नाही. सरळ सांगितलं, “मालक, तुम्हाला कुष्ठरोग असण्याची दाट शक्यता आहे. दोन दिवसांत नक्की कळेल.”

ते हसले. मग माझ्याकडे बघून हसू थांबलं.

“चुकतंय तुमचं, मॅडम. रोज दोनदा आंघोळ हाय आमच्यात. बाहेरचं पाणी प्यायलेलं न्हाय मी कधी.”

“आंघोळीचा काही संबंध नाही.”

त्यांनी टेबलावरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. मग दुसऱ्याच कुणाच्या तरी बाहीचं बटण काढावं तसं हळूहळू आपलं बटण काढलं आणि बाही कोपराच्या वर नेली. दंडावर रुपयाएवढे दोन फिकट चट्टे होते. कोरडे, वरचे केस गेलेले.

“शिबं समजून मलम लावतोय वर्षभर,” ते म्हणाले. “बोटं जाणार?”

“आजपासून औषध घेतलं तर नाही.”

“चादरीतनं आलं. व्हय की न्हाय? त्या वसाहतीतनं.”

“हा रोग अंगात शिरल्यावर दिसायला वर्षं जातात. कुठून आला ते कुणीच सांगू शकत नाही. आणि वसाहतीतली ती माणसं केव्हाच बरी झालेली आहेत. त्यांच्या अंगावर आहेत त्या जुन्या खुणा.”

“मी ग्लोव्ह्ज घालून वाटायचो, मॅडम.” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “घरी शिरायच्या आदी कापडं बदलायचो. टेबलावर चादर ठेवायची आन् मागं सरायचं, मग त्यांनी उचलायची. ही पद्धत मीच पाडली.”

पाच दिवसांचा राग माझ्यात साठलेला होता. तो नको तिथं निघाला. “मग ग्लोव्ह्ज त्यांनी घालायला हवे होते, मालक.”

बोलले आणि जीभ चावली. मालकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सहा फुटी माणूस, आवाज दिला तर शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा असा, आणि खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडत होता. मला माझी लाज वाटली. मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि तो उजवा हात हातात घेतला.

“माज्या हातचा चहा कोण पिणार आता?” ते म्हणाले. “क्लबात कळलं तर?”

“क्लबात माझ्याकडून कळणार नाही. आणि गोळ्या सुरू केल्यावर काही दिवसांतच तुमच्यापासून कुणाला धोका राहत नाही. फक्त एक दिवसही चुकवायची नाही.”

दुसऱ्या दिवशी ते क्लिनिक उघडायच्या आधीच दारात होते. सोबत त्यांच्या पत्नी. त्यांनी स्वतःच घरी सांगितलं होतं. वहिनींना रडू नव्हतं, राग होता.

“मी कवाची म्हणतीय,” त्या मला म्हणाल्या, “भाकरी मोडताना ह्यांची करंगळी बाहेर ऱ्हाती. तर हे म्हणायचे, ऐट हाय ती माझी. घ्या आता ऐट!”

बावीस वर्षांत कुणी मला इतकं अचूक लक्षण सांगितलं नव्हतं. मालक मान खाली घालून बसले होते.

कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन त्यातला द्रव काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्यात जंतू दिसले. वर्षभराच्या गोळ्या सुरू झाल्या. नसेची सूज उतरायला वेगळ्या गोळ्या, रोजचे बोटांचे व्यायाम. घरच्या सगळ्यांना तपासलं, त्यांना बचावाचा एक डोस दिला. कुणालाही काही निघालं नाही. गोळ्यांनी लघवी लाल होते हे मी सांगून ठेवलं होतं, तरी पहिल्याच दिवशी मालकांचा घाबरलेला फोन आलाच.

त्या औषधानं कातडीही काळवंडते. मे महिन्यात इंगवले सर मला भाजी घेताना भेटले. “मालक फार काळे पडलेत हो,” म्हणाले. “मी त्यांना म्हटलं, मॅडमनी भाषणात सांगितलेलं सनस्क्रीन लावा. तुम्ही एवढं सांगितलंत, पण ऐकतंय कोण?” मी कोथिंबीर निवडत राहिले.

मालक दर महिन्याला यायचे. मी डोळे मिटायला सांगायचे आणि पेनाचं टोक टेकवायचे. एप्रिलमध्ये करंगळी गप्प. मे महिन्यात गप्प. त्यांना वाटलं नसेल एवढी भीती मला वाटायला लागली होती. पाचवा महिना उशिराचा तर ठरला नाही? तो चहाचा ग्लास मी तेव्हाच ओळखला असता तर आणखी तीन आठवडे हाताशी असते. हा हिशेब मी कुणाला सांगितला नाही.

जून संपताना क्लबचा पदग्रहण समारंभ होता. नवे अध्यक्ष येणार, जुने जाणार. मालकांनी हट्टानं मला बोलावलं. मी पहिल्या रांगेत बसले. तीच समई, तोच फोटोग्राफर. मावळत्या अध्यक्षांनी दीपप्रज्वलन करायचं. मालक मेणबत्ती घेऊन मागच्या वातीकडे वाकले.

“साहेब, इकडं बघा. हलू नका हां.”

मालकांनी सवयीनं कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हात पुढच्या ज्योतीवर आला. मी खुर्चीतून अर्धी उठले.

“आई गं!”

मालकांनी हात असा झटकला की मेणबत्ती उडून फोटोग्राफरच्या पायाशी पडली. मालकांना चटका लागला? लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले. मालक व्यासपीठावर करंगळी डोळ्यांसमोर धरून उभे होते. फुंकर मारत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालांवर आलं होतं.

मी टाळ्या वाजवायला लागले. एकटीच. थांबताच येईना.

इंगवले सर माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “मॅडम, माणूस भाजलाय आणि तुम्ही टाळ्या वाजवताय?”

“वाजवू द्या सर,” मालक वरून म्हणाले. “तुमी मार्चमधी वाजवल्यासा, मॅडम आता वाजवतायत.”

सरांना काही कळलं नाही. पुढच्या मार्चमध्ये गोळ्यांचं शेवटचं पाकीट संपलं, तेव्हा मालकांनी स्वतः माइक हातात घेऊन त्यांना आणि साऱ्या क्लबाला सगळं सांगितलं. जेवणाच्या आधी सांगितलं. करंगळी थोडी वाकडी राहिली आहे, ती तशीच राहणार. चादरी ते आता हातात देतात.

मला अजून भाषणांची बोलावणी येतात. विषय यजमानच ठरवतात, मीही फार वाद घालत नाही. फक्त दीपप्रज्वलन चालू असताना सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतात, तेव्हा मी प्रत्येकाचा हात बघून घेते.